दरवाजातली रेती

खाडीकाठच्या टेमघरच्या हिराजी भोईरांनी १९८७ साली लष्कराच्या लिलावातून एक जुना शक्तिमान ट्रक घेतला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, ते आता मालवाहतूक करणार. हिराजींना मात्र एवढी दणकट गाडी आतून कशी असते, ते बघायचं होतं. शेतीच्या कामातून सवड मिळाली की ते ती खोलत बसत.

एकदा दरवाजाचा आतला पत्रा काढला आणि पिठासारखी बारीक, पिवळी रेती त्यांच्या पायावर सांडली. बायकोनं, राहीबाईंनी, ती चिमटीत धरून पाहिली.

"ही आपल्या खाडीची न्हाय."

"मग कुठली हाय?"

अकलोलीतला एक निवृत्त फौजी म्हणाला, राजस्थानची असेल. तेव्हापासून हिराजींना ती जागा बघायचा ध्यास लागला.

जाम झालेलं इंजिन सुटायला आणि भंगारातून सुटे भाग जमायला काही वर्षं गेली. गाडी धडधडत सुरू झाली, तसे नवरा-बायको तिच्यातूनच जैसलमेरकडे निघाले.

वाळूच्या टेकड्या आल्यावर हिराजींनी गाडी थांबवली. मूठभर रेती उचलून पाहिली. अगदी तशीच होती. राहीबाई चपला हातात घेऊन पुढं चालत गेल्या आणि लांबवर बघत राहिल्या.

"पानी कुठवर मागं गेलं असंल?" त्यांनी विचारलं. खाडीकाठी वाढलेल्या बाईला ती ओहोटीच वाटली.

हिराजी हसले नाहीत. तेही तिकडंच बघत होते.

लष्कराच्या पुढच्या लिलावाला राहीबाई सोबत गेल्या, आणि एकेका दरवाजाच्या फटीत बोट घालून, आत कुठली माती आहे ते बघत गाडी त्यांनीच निवडली.