छातीतली कट्टी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, श्रीपेरुंबुदूरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये भरलेल्या मोफत तपासणी शिबिरात, स्तनात गाठ असलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या बाईच्या फॉर्मवर ‘गाठ नाही’ अशी नोंद झाली. प्रश्न मराठीत विचारला होता, उत्तरही मराठीत मिळालं होतं. प्रश्नाचा मजकूर आदल्या दिवशी मी तपासला होता.

शिबिर परराज्यांतून येऊन ठेकेदारामार्फत कारखान्यांत लागलेल्या बायकांसाठी होतं. त्यांच्याकडे ना विमा होता, ना तमिळनाडूचं रेशनकार्ड. तिशीपुढच्या सगळ्यांची स्तनाची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी व्हायची. तिशीच्या आतल्यांना आधी प्रश्न विचारायचे आणि तक्रार असेल तरच पडद्याआड नर्सकडे पाठवायचं.

नांदेडकडच्या बायका बऱ्याच होत्या, म्हणून मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघी गेलो. मी आवडी नावाच्या उपनगरातल्या क्वार्टर्समधून. नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्यातली वर्तमानपत्राची नोकरी सोडून आले, त्याला नऊ वर्षं झाली होती. दुसऱ्या तिरुवल्लिकेणीच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचं घराणं तंजावरचं. घरची मराठी जुनी, तमिळ मिसळलेली. प्रश्न त्यांनीच मराठीत केले आणि मला फोनवर वाचून दाखवले. तिसरा प्रश्न होता, ‘छातींत कट्टि आहे कीं?’ तमिळमध्ये कट्टि म्हणजे गाठ. तो शब्द माझ्याही कानाला सरावला होता. मी म्हटलं, ठीक आहे.

शिक्षिकाबाई दाराजवळच्या टेबलावर प्रश्न विचारत होत्या. मी आत बायकांना तपासणी समजावून सांगत होते. बारा वाजायच्या सुमारास ती अठ्ठावीस वर्षांची बाई बाहेर पडण्यासाठी माझ्या टेबलाजवळून निघाली. रांगेतल्या तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने तिला हटकलं.

“काय गं, एवढ्यात सुटलीस?”

“बाईंनी विचारलं, छातीत कट्टी आहे का. म्हटलं, नाही बाई, माझी कुणाशीच कट्टी नाही. तर म्हणाल्या, जा.”

“खोटारडे! सासूशी दिवाळीपासून बोलत नाहीस ती?”

“ती फोनवरची कट्टी. छातीतली कुठाय?”

रांग हसली. मीही हसले. मग तिला थांबवून विचारलं, “गाठ आहे का?”

तिने मैत्रिणीकडे पाहिलं, मग दाराबाहेर उभ्या असलेल्या कंपनीच्या बसकडे.

“हाय. डावीकडं. पण ते त्यांनी कुठं विचारलं?”

“कधीपासून?”

“गणपतीपासून. दुखत नाही, म्हणून कुणाला बोलले नाही.”

मी तिला दारापाशी परत नेलं. शिक्षिकाबाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “अय्यो! मी कट्टि म्हटलें, ही भांडण समजली! बैस अम्मा, बैस.”

“ताई, बस साडेबाराला जाते. दोनची शिफ्ट आहे.”

“बसला मी पाहतें,” म्हणत त्या बाहेर गेल्या आणि ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभ्या राहिल्या. तो हॉर्न वाजवत राहिला, त्या तमिळमध्ये त्याला त्याच्या आईची चौकशी करत राहिल्या. बस बारा चाळीसला सुटली. तोवर नर्सने तपासून सरकारी रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली होती. ती बसमध्ये बसली तेव्हा चिठ्ठी तिच्या ओळखपत्राच्या प्लास्टिकच्या पाकिटात होती.

फॉर्मवरच्या ‘नाही’वर काट मारून शेजारी ‘होय’ लिहिलं. प्रश्नांच्या कागदावरचा ‘कट्टि’ शिक्षिकाबाईंनी खोडला, ‘गाठ’ लिहिलं. त्याआधी तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून गेलेल्या अकरा जणी होत्या. सात जणी हॉलमध्येच सापडल्या, चौघींना फोन केला. त्यांच्यापैकी कुणालाच गाठ नव्हती.

पुढच्या आठवड्यात रुग्णालयात तिची सोनोग्राफी झाली, सुईने नमुना घेतला. दोन्ही वेळा मी सोबत गेले. रिपोर्ट आणायलाही गेले. तो इंग्रजीत होता. तिने विचारलं, “काय लिहिलंय?” मी वाचून सांगितलं. गाठ कर्करोगाची होती. काखेत पसरलेली नव्हती.

ती बाकावर बसली. मग नांदेडला फोन लावला. पलीकडून सासूने उचलला.

ऑपरेशन मार्चमध्ये झालं. सोबतीला सासू आली होती. टाके दहाव्या दिवशी काढले.