पर्सिदाकाकूची जीभ

पर्सिदाकाकू साबण करायला उभी राहिली की तिच्या अंगणात पाय ठेवायची आमच्या गावात कुणाची टाप नव्हती. कुत्रं साखळीला, कोंबड्या खुराड्यात, फाटकाला आडवं लाकूड, आणि ही बाई डोक्याला घट्ट रुमाल बांधून, हातात कोपरापर्यंत नवऱ्याचे जुने मोजे चढवून बोंब मारतेय, "लांब व्हा रे! सोडा पाण्यात पडतोय!" लोक कुंपणाबाहेर उभे राहून हसायचे. सगळ्यात मोठ्याने कोण हसायचं? मी. ओब्राद, तिचा पुतण्या. आज आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

साबण आमच्याकडे घरोघरी होतो. डुक्कर कापलं की उरलेली चरबी, पाणी आणि कॉस्टिक सोडा, संपलं. नियम एकच. सोडा पाण्यात टाकायचा, हळूहळू. सोड्यावर पाणी ओतायचं नाही. काकू नऊ वर्षांची असताना आईला मदत म्हणून तिने तेच केलं, सोड्यावर तांब्याभर पाणी ओतलं. ते फसफसून उसळलं आणि वाकून बघत असलेल्या थोरल्या बहिणीच्या, रुझाच्या, डोळ्यात गेलं. तो डोळा कायमचा पांढरा झाला. रुझा जन्मभर तिला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं काकूच एकदा म्हणाली होती.

तेव्हापासून भीती तिच्या घरातच राहायला आली. त्यात लहानपणीच्या एका तापात तिचं नाक गेलेलं. वास म्हणून कळायचा नाही, आलुबुखाराच्या दारूचा, आमच्या राकियाचा नाही की जळक्या भाकरीचाही नाही. उरलेलं सोड्याचं पाणी ती बाटलीत भरून ठेवायची, आणि बाटल्या तर सगळ्या राकियाच्याच, एकसारख्या. राकिया काय नि सोड्याचं पाणी काय, दोन्ही दिसायला नितळ. म्हणून सोड्याच्या बाटलीच्या गळ्याला ती लाल लोकरीचा दोरा बांधायची, तीन गाठी मारून. दोरा म्हणजे सोडा. तिचं सगळं त्या दोऱ्यावर चालायचं.

आणि जिभेवर. साबणाच्या वड्या काही आठवडे सुकल्या की काकू वडीच्या कोपऱ्याला जिभेचं टोक लावायची. चावलं, तर सोडा अजून मोकळा आहे, थांबा. नुसती साबणाची बेचव लागली, तर चरबीने सोड्याला पुरतं जिरवलंय, अंगाला लावा खुशाल. गावातल्या बायका आपापल्या वड्या घेऊन तिच्याकडे यायच्या. "पर्सिदाने जीभ लावलीय," असं म्हटलं की तान्ह्या बाळालाही त्या साबणाने आंघोळ घालायचे.

त्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचं, स्लावकोचं, लग्न ठरलं. आमंत्रणाचं काम माझ्याकडे. म्हणजे लाकडाची गोल चपटी बुक्लिया राकियाने भरायची, गळ्यात अडकवायची आणि दारोदार हिंडायचं. यजमान घोट घेतो, बुक्लियाला नाणं नाहीतर टॉवेल नाहीतर जे असेल ते बांधतो, आणि रिकामी झालेली जागा स्वतःच्या बाटलीने भरून देतो. तशीच ती पुढच्या घरी. काकूचं घर सातवं होतं. बुक्लिया अर्ध्यावर आलेली आणि मी, खोटं कशाला बोलू, चांगलाच रंगात आलेलो.

"काकू, रविवारी लग्नाला ये. स्लावकोने सांगितलंय, काकू आली नाही तर मी बोहल्यावर चढणार नाही!"

"मेल्या, बूट तरी पूस," म्हणत तिने घोट घेतला. "थांब, बांधायला काहीतरी आणते. इथे कशाला हात लावू नकोस, आज साबण केलाय."

ती आतल्या खोलीत गेली. खिडकीत दोन बाटल्या होत्या, एकीच्या गळ्यात लाल दोरा. राकियाच्या भरात दोऱ्याचा अर्थ डोक्यातच आला नाही. मला वाटलं, हे काय झकास! आमच्याकडे लग्नात लाल दोरा दृष्ट लागू नये म्हणून बांधतातच. मी तो सोडला आणि बुक्लियाच्या कानाला बांधला, सहा घरच्या टॉवेलांमध्ये.

काकू भरतकामाचा रुमाल घेऊन आली, वरून बांधला. खिडकीकडे बघितलं. जवळची बाटली उचलली, तिला दोरा नव्हता. बुक्लिया गळ्यापर्यंत भरली. मी बूच लावलं आणि गाणं गुणगुणत बाहेर पडलो.

पुढचं घर वितोमिर आजोबांचं. ऐंशीच्या पुढचे, पण राकियाला नाही म्हटलेलं कुणी ऐकलं नाही. त्यांची एकच खोड. घोट घेण्याआधी भाषण. नवऱ्यामुलाला आशीर्वाद, नवरीला आशीर्वाद, मग गेलेल्या माणसांची नावं, एकेक करून. सगळं गाव त्या भाषणाला वैतागलेलं. त्यांच्यानंतर घोट माझा होता आणि माझा घसा कोरडा पडलेला. मी मनात म्हणत होतो, अहो आजोबा, आवरा ना आता.

ते माझ्या पणजोबांपर्यंत पोचले होते तेवढ्यात फाटक आपटलं. पर्सिदाकाकू! एका पायात बूट, एक पाय नुसता, कमरेपर्यंत चिखल, हातात फुटलेल्या बरणीचं तोंड.

"ठेवा खाली! आजोबा, ठेवा ती! सोडा आहे त्यात!"

"आली साबणवाली!" आजोबा हसले. "अगं, उद्या विहिरीच्या पाण्याला पण घाबरशील तू."

मीही हसलो. हो, हसलो.

"खरं सांगते! दोन्ही बाटल्यांना दोरा नव्हता. मी आंबवलेल्या कोबीच्या पिंपातलं पाणी घालून बघितलं. लाल कोबीचं आहे, गुलाबी असतं. राकियात घातलं, गुलाबीच राहिलं. दुसरीत घातलं तर हिरवं झालं, हिरवंगार! आणि कमी झालेली तीच आहे! तुम्हाला दाखवायला बरणी भरून आणत होते, ओढ्यापाशी पडले. तुमच्या पिंपात लाल कोबी आहे का?"

"पांढरा आहे," आजोबांची सून झोर्का म्हणाली.

"पर्सिदा, लग्नाची बुक्लिया न पिता परत पाठवली तर अपशकुन होतो. तुझ्या स्वप्नांसाठी मी पोराचं वाईट करू?" आजोबांनी बुक्लिया वर उचलली. बूच निघालेलं होतं.

तिचा चेहरा मी बघितला आणि माझी राकिया खाडकन उतरली. माणूस सोंग करताना असा दिसत नाही. पण माझे पाय जमिनीला चिकटले. धावली ती. तिने आजोबांच्या हातातून बुक्लिया ओढली, थोडंसं तळहातावर ओतलं आणि आमच्या देखत जिभेचं टोक त्यात बुडवलं.

आवाज आला नाही. नुसते तिचे डोळे मोठे झाले आणि तोंडातून लाळ गळायला लागली. तिने जीभ बाहेर काढली. टोक पांढरं पडलं होतं, शिजवल्यासारखं.

"व्हिनेगर!" झोर्का किंचाळली आणि कपाटाकडे धावली. "सोड्यावर आंबट घालतात!"

काकूने मान इतक्या जोरात हलवली की डोक्यावरचा रुमाल उडाला. झोर्काच्या हातातली बाटली तिने थापट मारून पाडली आणि विहिरीकडे बोट केलं. पाणी, पाणी. आम्ही बादलीमागून बादली ओढली, ती तोंड धूत राहिली, हात धूत राहिली. नंतर केव्हातरी तिने मला सांगितलं, फरशीवर सांडलेल्या सोड्यावर व्हिनेगर ओत हवं तर, पण मांसावर कधी नाही. दोघं एकमेकांना मारतात तेव्हा तापतात, आणि भाजतो आपण.

आजोबा बाकावर बसले होते. क्रूसाची खूण करायला गेले तर हात कपाळापर्यंत पोचेना. मीही भिंतीला टेकलो होतो. तो घोट त्यांचा होता, आणि पुढचा माझा.

मग काकूची नजर जमिनीवर पडलेल्या बुक्लियाकडे गेली. टॉवेल, नाणी, तिचा रुमाल, आणि लाल दोरा. मग माझ्याकडे बघितलं. आता बोलेल, मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलेल.

ती वाकली, दोरा सोडला आणि एप्रनच्या खिशात टाकला.

"अगं, झालं तरी कसं हे?" आजोबांनी विचारलं.

"बांधायला विसरले," ती म्हणाली. भाजलेल्या जिभेने धड बोलताही येत नव्हतं. "माझीच चूक."

आणि मी? मी तोंडातून ब्र काढला नाही.

लग्न झालं. वर्षभर गावाने काकूला सोललं. "एवढी ओरडायची, शेवटी हिनेच घोळ घातला ना!" गुत्त्यात माझ्यासमोर बोलायचे आणि मी पेल्यात बघत बसायचो. बायका वड्या घेऊन यायच्या बंद झाल्या. तशाही येऊन काय करणार? तिच्या जिभेच्या टोकाला आता काही लागत नव्हतं. मीठ नाही, साखर नाही, सोडा नाही.

पुढच्या हिवाळ्यात तिने मला बोलावणं धाडलं. मी अंगणात शिरलो. खिडकीत सोड्याची बाटली होती, गळ्यात तोच लाल दोरा, तीन गाठी. टेबलावर सुकलेल्या वड्या मांडलेल्या.

"काकू, तो दोरा मी..."

"माहीत आहे मला."

"मग तेव्हा बोलली का नाहीस गं?"

"रुझा तरी कुठे बोलली होती?" ती म्हणाली. मग तिने एक वडी उचलली, तिचा कोपरा माझ्या तोंडासमोर धरला. "बायकांना मी शब्द दिलाय, या वर्षी साबण तपासून मिळेल म्हणून. जीभ काढ, ओब्राद."

मी घाबरलो. देवाशपथ, इतका कधी घाबरलो नव्हतो. तिचा हात मात्र जराही हलत नव्हता.

मी जीभ काढली.