मामांनी बिघडवलेला सर्व्हर

मुलगी झाली तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून मी केडगावला सासरी आले. ती चौथीत गेली आणि मला माझं काम परत हवं झालं. कंपन्यांचे सर्व्हर सांभाळायचं काम. ते मला मनापासून आवडायचं, एवढंच कारण.

आत्मविश्वास नव्हता, म्हणून फुकट मिळतील तेवढी सर्टिफिकेटं गोळा केली. व्हिडिओ बघायचा, पाच प्रश्नांवर टिचक्या मारायच्या, की नाव छापून तयार. अशी अकरा जमली. ती लॅमिनेट केली, फाइल केली आणि लागोपाठ तीन मुलाखतींत सपशेल आपटले.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. नागापूरच्या एमआयडीसीत त्यांचा जन्म फिटर म्हणून गेला. त्यांनी फाइल चाळली आणि विचारलं, "यातलं कंचं शिकताना हात काळं झालं?"

मी फाइल त्यांच्या हातून काढून घेतली.

"आमच्यात नवा गडी आला की कागद कोन बघत न्हाई. बिघडलेली मशीन म्होरं ठेवायची. चालू केली तर ठेवायचा. तुमच्यात अशी परीक्षा न्हाई का?"

होती. तीच मी टाळत होते. तिच्यात पर्याय नसतात. बिघडलेला सर्व्हर देतात आणि ठरल्या वेळेत चालू करायला लावतात. मला राग आला, कारण मामांचं खरं होतं. त्याच दिवशी तिचा फॉर्म भरला.

सरावाचा सर्व्हर मी लॅपटॉपवरच उभा केला, पण त्यात बिघाड करणार कोण? मीच केला तर तो कुठे आहे हे मला ठाऊकच. मग मी वीस बिघाडांच्या कमांड चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकल्या. रोज दुपारी चहा झाला की मी स्वयंपाकघरात जायचे. मामा एक चिठ्ठी काढून, चष्मा सावरत, एका बोटाने लॅपटॉपवर टाइप करायचे आणि चिठ्ठी खिशात घालायचे. "हां, बस आता."

पंधरवड्यात त्यांना चव लागली. गुपचूप दोन-दोन चिठ्ठ्या वापरायला लागले. एक बिघाड काढून मी खुशीत उठायचे, तरी सर्व्हर रडतच असायचा. मी चिडले, तर म्हणाले, "मशीन काय सांगून बिघडती व्हय?"

परीक्षा पास झाले. चौथी मुलाखत ऑनलाइन होती. त्यांनी बंद पडलेला सर्व्हर दिला. मी बिघाड शोधला, सर्व्हर चालू झाला. समोरचे तिघं "छान" म्हणाले, एकाने वही मिटली. मला मामांचा खिसा आठवला.

"थांबा, अजून एक असेल," मी म्हणाले.

होता. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला असता तर परत बंद पडला असता. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मला भलताच आनंद झाला.

बाहेर आले तर मामा दाराशीच बसलेले.

"किती हुते?"

"दोन."

"आन् सापडले?"

"दोन्ही."

निवडीचं पत्र आठवड्याने आलं. मामांनी मात्र सून कामाला लागली म्हणून मुलाखतीच्याच संध्याकाळी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं.