दुसऱ्या पाण्याचा चहा

माझ्या धाकट्या लेकीचं ठरत आलेलं लग्न मी एकदा चहाच्या चोथ्यावरून मोडायला निघाले होते. लग्नं हुंड्यावरून मोडतात, मानपानावरून मोडतात. चोथ्यावरून मोडणारी आमच्या अनसिंगच्या आसपास मी पहिलीच. बरं, तेव्हा मी काही पोरसवदा नव्हते. पन्नाशी ओलांडलेली, आरोग्य केंद्रातली नर्स, अर्ध्या गावाला सुई टोचून बसलेली बाई. या वयात अक्कल येते म्हणतात. आमच्या गल्लीत ती आली नव्हती.

मुलगा लेकीच्याच वर्गातला. अकोल्याला दोघं शेतकी शिकले आणि तिथंच त्यांनी एकमेकांना पसंत करून टाकलं. आमच्यासाठी फक्त होकार द्यायचं काम शिल्लक ठेवलं. पुढं तो दार्जिलिंगच्या बाजूला एका चहाच्या मळ्यावर नोकरीला लागला. काम काय, तर चहा चाखणं. सकाळी कपांची रांग मांडायची, प्रत्येकातला घोट घ्यायचा, तोंडात खळखळवायचा, थुंकायचा आणि सांगायचं, हा बरा, तो बरा नाही.

मी हे कौतुकानं मोठ्या जावेला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे पोरगा करते काय?"

"चहा पिते."

"अन् त्याचा पगार भेटते?"

"भेटते ना."

"माह्ये दोन्ही पोरं दिवसभर स्टँडवर हेच करून राह्यले वो बाई. त्याईले कोणी विचारतबी नाही."

त्या दिवसापासून मी 'मुलगा चहा कंपनीत साहेब आहे' एवढंच सांगू लागले. थुंकण्याचा भाग तर नवऱ्यापासूनही लपवला.

तो सुट्टीवर आला तेव्हा एका रविवारी आम्ही नवरा-बायको त्याचं घर पाहायला वाशीमला गेलो. मुलाला वडील नव्हते. आईनं शिलाई मशीन चालवून त्याला शिकवलं होतं. हसताना तोंडाला पदर न लावणारी बाई. मी कडक इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर पर्स घेऊन बसले. आमच्याकडे मुलीनं चहा आणायचा आणि वरपक्षानं तिच्या चालण्यापासून चहातल्या साखरेपर्यंत सगळं तपासायचं, अशी रीत. मी आणलेल्या चहावर साय धरली होती, हे माझ्या सासूनं मला मरेपर्यंत ऐकवलं. इथं ट्रे घेऊन मुलगाच आला. मग काय, मीच वरपक्ष झाले. जरा मागं टेकले आणि त्याची चाल पाहू लागले.

ट्रेमध्ये एवढीशी किटली आणि खोकल्याच्या औषधाच्या झाकणाएवढे कप. एका बशीत काळपट हिरव्या गोळ्या. शेळीच्या लेंड्या मी पाहिलेल्या होत्या, त्यामुळे मी पर्स जरा जवळ ओढली.

"ऊलाँग आहे, काकू," तो म्हणाला. "आमच्याच मळ्यातला. हिरवा चहा कच्चा राह्यते, काळा पुरता मुरते. हा मधातला."

"म्हंजे अर्धवट," मी म्हणाले.

त्याची आई हसली. मला वाटलं, मलाच हसली.

त्यानं गोळ्या किटलीत टाकून वरून गरम पाणी ओतलं आणि लगेच ते सगळं पाणी दारातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत रिचवलं. म्हणे, पान जागं करावं लागते. मी ते सोडून दिलं. तांदूळ धुतात तसं असेल म्हटलं. मग पुन्हा पाणी ओतलं आणि आमच्या कपांत करडईच्या तेलाच्या रंगाचं काहीतरी आलं. दूध नाही, साखर नाही.

"घोट असा घ्या, की आवाज झाला पाह्यजे," तो म्हणाला. "हवा सोबत गेली की चव खुलते."

माझ्या नवऱ्यानं घोट ओढला. सुर्रर्र! पार रस्त्यावरचा एक माणूस थबकला. लग्न झाल्यापासून मी या माणसाला चहाचा आवाज करतो म्हणून डोळे वटारत आले, आणि त्या दिवशी एका पदवीधरानं त्याची पाठ थोपटली. "वा काका! अस्संच!" नवऱ्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसा काही सरपंचपदाला निवडून आला. मी मात्र ओठ आवळून, बिनआवाजी, सभ्यपणे प्यायले. चव? उकळलेलं गवत. पण मी "छान आहे, हलका आहे" म्हणाले. सुई टोचताना 'काही होत नाही' म्हणतो ना आम्ही, त्याच सुरात.

आणि मग त्यानं माझ्या डोळ्यांदेखत त्याच पानांवर पुन्हा पाणी ओतलं आणि किटली माझ्या कपावर वाकवली.

चोथ्याचं आमच्याकडे काय आहे ते सांगते. माझी आई लोकांच्या शेतात तण निंदायला जायची. मालकाच्या घरचा चहा झाला की त्याच चोथ्यात पाणी आणि गुळाचा खडा टाकून तो पुन्हा उकळायचा, तो आमच्या बायांचा चहा. गोठ्याच्या वळचणीला त्यांचे कप वेगळे ठेवलेले असायचे. चहा वरून ओतायचा, कपाला किटली लागू द्यायची नाही. पिऊन झालं की आई आपला कप धुऊन पुन्हा वळचणीला ठेवायची. मला नोकरी लागली तेव्हा मी ठरवलं, माझ्या घरात चोथ्यावर दुसरं पाणी पडणार नाही. कुत्र्यालासुद्धा ताजा चहा पाजीन म्हटलं. पाजलाही. त्याला आवडला नाही.

तर मी उठले. थाटात उठले. साडीच्या निऱ्या झटकल्या.

"आमी चोथ्याचा चहा पेत नसतो!"

"काकू, ऐका तर—"

"पाह्यलं. तेवढं पुरे. तुमची सोयरीक तुमच्यापाशीच राहू द्या."

त्याची आई नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी तरातरा बाहेर पडले, चपला पायात सरकवल्या आणि थेट जीपच्या थांब्यापर्यंत चालत गेले. नवरा बऱ्याच वेळानं आला. त्यानं आपला कप संपवला होता, वर माझाही. जीपमध्ये माझ्या शेजारी बसून म्हणतो कसा, "दुसरा जास्त चांगला होता वो."

घरी पोहोचून खाली पाहिलं तर पायातल्या चपला माझ्या नव्हत्या. विहीण व्हायची होती त्या बाईच्या होत्या. इतका स्वाभिमान, आणि तो दुसरीच्या चपलांवर उभा!

लेकीनं सगळं बापाकडून ऐकलं. रडली असती तर मी समजूत काढली असती. ते मला येतं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपल्या कपाटातून तोच चहा काढला (म्हणजे तो आमच्या घरात कधीचा होता आणि मला पत्ता नव्हता) आणि माझ्यासमोर स्टीलच्या भांड्यात मांडला. पहिलं पाणी मोरीत. दुसरं मला दिलं. तिसरंही मलाच दिलं.

तिसऱ्या वेळी मी चुकून सुर्रकन ओढला. आधी भाजलेल्या हुरड्याचा वास आला. मग घोट खाली गेल्यावर, तोंडात काहीच नसताना, घशात मोहाच्या फुलासारखं काहीतरी गोड राहिलं. मी रिकामा कप पुन्हा पुढं केला. माझ्यासाठी ते सोपं नव्हतं.

लेकीनं भांड्यातली एक भिजलेली गोळी बशीत घेऊन दाखवली. गोळी कसली, देठासकट आख्खं पान होतं, बोटभर लांब.

"हे दोन पाण्यात उलगडतच नाही आई. पहिलं कच्चं पाणी त्यानं झाडाले टाकलं अन् चांगलं तुले देऊन राह्यला होता."

"मले काय मालूम!"

"मग हे त्याच्या आईले जाऊन सांग. मले नको सांगू. तू नाही गेलीस, तर मी बी आता कोणाच्या घरी जात नाही."

एवढंच बोलली आणि भांडी घासायला बसली. त्या भांड्यांचा आवाज ऐकत मी साडी बदलली.

वाशीमला जाताना पिशवीत त्या बाईच्या चपला होत्या आणि पायात लेकीच्या. दार उघडलं तर समोर ती, माझ्या चपला घालून. मी जीपमध्ये पाठ केलेलं भाषण तिथंच विसरले. उंबऱ्यात उभ्या उभ्या आईचं सांगितलं, निंदणीचं, वळचणीच्या कपाचं. आणि म्हणाले, माझ्या खुळेपणाची शिक्षा पोरीला देऊ नका. मुलगा बाजारात गेला होता. बाईनं माझ्या हातातली पिशवी घेतली, तिच्यातल्या आपल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मला आत स्वयंपाकघरात नेलं. मग म्हणाली:

"माह्या मायनंबी असाच कप धुतला, विहीनबाई. पण तिले कधी उठता नाही आलं. तुमी उठल्या, तवाच मी ठरवलं, पोरगी तुमच्याच घरची आणायची. आता एक काम करा, पोरगा यायच्या आंधी दूध-साखर टाकून दोन कप चहा मांडा. ते त्याचं पाणी पिऊन पिऊन माह्या जिभेले बुरशी आली."