घोडीला दिलेली ढील

आमच्या घरी परण्याची घोडी असते. लग्न लागायच्या आधी नवरदेव घोडीवर बसून मारोतीच्या दर्शनाला जातो, त्या मिरवणुकीला आमच्याकडं परण्या म्हणतात. घोडी नुसती चालून भागत नाही. ती वाजंत्र्यापुढं नाचली पाहिजे. न नाचणाऱ्या घोडीला आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या आसपास कोणी दुसऱ्यांदा बोलवत नाही.

आधीची घोडी बाबांनी काटेरी लगामावर नाचवली होती. तिच्या तोंडातल्या सळईला बारीक काटे होते. दोर ओढला की ते जिभेत रुतायचे आणि दुखणं चुकवायला ती मान वाकवायची, पाय उचलायची. लोक त्याला नाच म्हणायचे. तिची जीभ शेवटी मधोमध चिरली. कडबा चावताना निम्मा खाली पडायचा. एका परण्यात एका म्हातारीनं विचारलं, "काहो, तिच्या तोंडाला लाल काय लागलं?"

बाबा म्हणाले, "लग्नघरचं पान खाल्लं, मावशी."

सगळे हसले. म्हातारीसुद्धा.

ती घोडी मेल्यावर बाबांनी माळेगावच्या जत्रेतून एक तरणी पांढरी घोडी आणली. मी तेव्हा हिंगोलीला कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबांशी बोलताना मला अजूनही शब्द जुळवून घ्यावे लागतात, पण तेव्हा बोलले. म्हणाले, हिला मी साध्या लगामावर शिकवते.

"प्रोफेसर झाली का तू?" बाबा म्हणाले. मग घोडीकडं पाहून, "शिकिव. उन्हाळ्याच्या लगनसराईत नाचली तर काटा घालत न्हाई. न्हाई नाचली तर घालतो, मंग रडत बसू नको."

तिच्या तोंडाचा निकाल असा माझ्या हातावर आला.

मोबाईलवर घोडे शिकवायचे व्हिडिओ पाहिले होते. त्यातलं बोलणं कळत नव्हतं, हात तेवढे कळायचे. पण खरं कळलं ते मायकडून. बहिणीचं लेकरू झोळीत होतं आणि माय दोर धरून भाजी निवडत होती. दोर असा कसा धरतेस, असं मी विचारलं तर म्हणाली, "दोर ओढायचा न्हाई अन् सोडायचा बी न्हाई. लेकरू हललं का बोटाला कळते."

मग रोज कॉलेजातून जीपनं परत आल्यावर, ऊन उतरलं की मी तिच्यावर बसायचे. दोर इतकाच धरायचा की पलीकडं तिचं तोंड आहे हे बोटांना कळत राहावं. थांबवायचं असेल तर बोटं मिटायची. ती थांबली की त्याच क्षणी उघडायची. ती ढील. ओढल्यानं ती काही शिकत नसे. ओढणं संपलं की आपण बरोबर केलं, हे तिला कळायचं. ढील द्यायला मला उशीर झाला तर ती गोंधळायची. वेळेवर मिळाली तर जीभ फिरवून लांब श्वास सोडायची.

अशी ती थांबायला शिकली, मागं सरायला, मान खाली घ्यायला, मग उजवा पाय उचलायला, मग डावा. मी काय मागते ते कळलं नाही की शिकलेलं एकेक करून दाखवायची. एक कान माझ्याकडं वळवून, हे का? मग हे का? बरोबर ते सापडलं की माझी बोटं उघडायची. मला वाटतं, माझ्यावर इतका विश्वास तोवर कोणी टाकला नव्हता.

पहिला परण्या शेजारच्या गावात होता. घोडी मी धरावी असं मनात होतं, पण पोरीनं घोडी धरली तर लोक नवरदेवाला हसतील, असं बाबा म्हणाले. मी बायांच्या मागं चालले. निघायच्या आधी एवढंच सांगितलं, "बाबा, लगाम नवरदेवाच्या हातात देऊ नका."

"मंग काय देऊ? हातात लगाम नसला तर नवरदेव पोतं दिसते."

पाराजवळ डीजे एकदम सुरू झाला. नवरदेव कधी बैलगाडीतसुद्धा नीट बसला नसावा. तो घाबरला आणि त्यानं दोन्ही दोर छातीशी ओढून धरले.

घोडी लगेच थांबली. ढील मिळाली नाही. ती मागं सरली. मिळाली नाही. तिनं मान खाली घेतली. उजवा पाय उचलला, डावा उचलला. मग पुन्हा पहिल्यापासून, अधिक घाईनं. कान मागं वळवून ती विचारत होती आणि वर बसलेल्याला ते ऐकू येत नव्हतं.

"नाचून राहिली लेका!" पोरं ओरडली. शिट्ट्या झाल्या. व्हिडिओ काढायला मोबाईल वर झाले. "वढ, अजून वढ!"

मी बायांतून पुढं घुसले. "बाबा, त्याला दोर सोडायला सांगा. ती नाचत न्हाई."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना बरोबर कळलं होतं. जन्म घोड्यांत गेलेला माणूस. मग त्यांनी गर्दीकडं पाहिलं आणि वर मान करून म्हणाले, "तसंच धरा, नवरदेव. ढिलं सोडू नका."

मागून एक बाई म्हणाली, "पोरीला ऊन लागलं वाटते."

मारोतीपर्यंत ती तशीच गेली. साध्या लगामानंसुद्धा ओठांचे दोन्ही कोपरे फाटले होते. परतताना बाबा खुशीत होते. "तुहं शिकवणं कामी आलं," म्हणाले. "उद्यापासून दोर आवळून खोगिरालाच बांधू. नवरदेवाचे हात दुखायला नको."

"अन् काटा?"

"साध्यावर इतकी नाचली. काट्यावर पाह्य कशी नाचंल."

"तुमी म्हणले होते, नाचली तर..."

"म्हणलो असंन."

तो व्हिडिओ पार सेनगावापर्यंत फिरला. बाबांना फोन येऊ लागले. पुढच्या वर्षी मी हिंगोलीला होस्टेलवर राहिले, तिथंही एका मुलीनं मला तो हसत दाखवला. ही आमची घोडी, असं मी तिला सांगितलं नाही.

दिवाळीला घरी गेले तेव्हा अंगणात तिला साधा लगाम घातला. जिभेवर आडवा वळ होता. मी वर बसले आणि दोर उचलला, बोटं अजून मिटलीही नव्हती. ती थांबली, मागं सरली, मान खाली घातली, उजवा, डावा. मी बोटं उघडली. ती पुन्हा मागं सरली. मी दोर सोडूनच दिला, तो तिच्या मानेवर पडला. उजवा, डावा. कान माझ्याकडं वळला नाही. मी उतरले, तिच्यापुढं जाऊन उभी राहिले, तरी ती भिंतीपर्यंत मागं सरत गेली आणि तिथं पाय उचलत राहिली.

ओट्यावरून बाबांनी ते पाहिलं आणि खिशातून मोबाईल काढला.

"बाजूला हो जरा," ते मला म्हणाले.