आत्यांचा गुडघा आणि घोरपडीची चरबी

सत्तरच्या दशकात मी सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होते. थुंकी, लघवी, पू. दिवसभर हेच काचपट्टीवर घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. लोक म्हणतात, सवय होते. मला झाली नाही. दुपारी डब्यातलं पिवळं वरण दिसलं की मी झाकण परत लावायचे.

पण खरी किळस घरी यायची. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. गुडघेदुखीवर त्यांना नातेपुत्याच्या बाजारातून कुणीतरी घोरपडीची चरबी आणून दिली होती. मळकट बाटलीत ती अर्धी गोठलेली असे. आत्या ती चुलीशी पातळ करून गुडघ्यांवर चोळत. दोन खोल्यांचं घर. तो मेल्या जनावराचा खवट वास भाकरीला लागायचा, उशीला लागायचा.

"आत्या, टाकून द्या ही घाण."

"लई गुण हाय की हिच्यात. तू दिवसभर लोकाचा पू चिवडतीस, ते चालतं व्हय?"

मी उठून खिडकी उघडली.

एकदा न्हाणीत घसरून त्यांचा गुडघा सोलवटला. त्यांनी त्याच जखमेवर चरबी रगडली. तीन दिवसांत गुडघा लालबुंद झाला, टम्म फुगला. "आतली घाण भाईर पडतीय," म्हणून त्या दवाखान्यात यायला तयार झाल्या नाहीत. चौथ्या दिवशी हुडहुडी भरली, तेव्हा टांगा करून त्यांना आमच्याच दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी सुई घालण्याआधी कातडीवरचा तेलकट थर मलाच स्पिरिटनं पुसावा लागला. तो वास आणि स्पिरिट एकत्र झालं. सुईत हिरवट पिवळा, दाट पू आला. मी बाहेर जाऊन मोरीत ओकले. मग परत येऊन काचपट्टी केली. नजर जाईल तिथं पांढऱ्या पेशीच पेशी.

"त्या चरबीनंच केलं हे," मी चिडून म्हणाले.

डॉक्टर नवे होते, परदेशी नियतकालिकं वाचत. ते म्हणाले, "जंतू जखमेतून शिरले. सूज मात्र या पेशींनी आणली. यांच्या आवरणातही चरबीच असते. जंतू आला की त्या ती तोडतात आणि तिच्यापासून एक द्रव्य बनवतात. लाली, ठणका, ताप त्याच्यामुळे. आपण इतकी वर्षं ॲस्पिरिन देतोय, ती हे द्रव्य बनणंच अडवते, असं आता कळलंय."

"मग ते द्रव्य वाईटच?"

"तसंही नाही. तेच कधी या पेशींना आवर घालतं म्हणतात. पुरतं कुणालाच कळलेलं नाही अजून."

मी परत भिंगातून पाहिलं. आपल्याही अंगात, प्रत्येक पेशीभोवती चरबीच आहे, या विचारानं मला शिसारी आली. आत्यांची दया यायला हवी होती. आली नाही, आणि त्याची मला जास्त लाज वाटली.

पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू झाली. गुडघ्यातून आणखी दोनदा पू काढला. दर वेळी काचपट्टीवर पेशी कमी दिसत गेल्या. सूज उतरल्यावर आत्या घरी आल्या. पाय मात्र पुरता वाकेना. मांडी घालून बसणं सुटलं ते कायमचं.

"काय दिसलं गं तुला माज्या गुडघ्यात?" एकदा त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं, पेशींभोवतीच्या चरबीचंही. त्यांनी तोंड वाकडं केलं. "माज्याच अंगात? शी."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्या बाईला माझ्यासमोर आणून बसवलं. तिचं पाऊल सुजून काळंनिळं पडलं होतं, वर शेणाचा लेप.

"दाखव हिला," आत्या म्हणाल्या. "हिला कळतं."

मी पदर नाकाला लावला आणि ओल्या फडक्यानं शेण काढायला बसले.