सासऱ्यांच्या नावावर

मंचरच्या स्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून बसणाऱ्या त्या विमा एजंटाचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या मुलाला लहानपणापासून साखर, रोज इन्सुलिन. बटाटा वाहायला त्याच्यासाठी पिकअप घेतली होती आणि तिचा परवडेल असा विमा हवा होता. आधीच्या एजंटांनी आजाराचं ऐकून न झेपणारे आकडे सांगितले होते.

यानं आधी चहा मागवला. पेनचं टोपण दातांत धरून माझं सगळं शांतपणे ऐकलं.

"ताई, चालवणारा म्हणून पोराचं नाव टाकताच कशाला? घरात लायसनवालं दुसरं कोण हाय?"

"सासरे. पण त्यांना आता दिसत नाही."

"साखर हाय का?"

"नाही."

"मग झालं की. निम्म्या तालुक्याच्या गाड्या म्हाताऱ्यांच्याच नावावर पळत्यात."

"आणि अपघात झाला तर?"

"आधी पोराला खाली उतरवायचं, आजोबांना आणून बसवायचं. मग पोलिसाला फोन." गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगावं तसं त्यानं बोटांवर मोजून सांगितलं.

साखर एकदम उतरून गाडीत बेशुद्ध पडलेला मुलगा माझ्या डोळ्यांसमोर आला. मी कागद गोळा करून उठले. तो दारापर्यंत सोडायला आला. एवढ्या एजंटांत आमच्याशी माणसासारखं बोललेला तो एकटाच, याचाच मला अजून राग येतो.

घरी येऊन मी मुलाकडून गाडीची किल्ली मागून घेतली.

"साखरेमुळं का?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणाले.